मनुबाईच्या आमटीचा प्रश्न

निपाणीत हमरस्त्याला लागून, तंबाखूच्या वखारी संपतात तिथं भरमूचा बार होता. बार म्हणजे फार काही थाटाचं डोळ्यांपुढं आणू नका. पत्र्याखाली सात-आठ टेबलं, भिंतींना हिरवा ऑइलपेंट, गल्ल्यावर लक्ष्मीची तसबीर आणि तिच्या शेजारच्या फळीवर बाटल्या. संध्याकाळी भरमू उदबत्ती लावायचा, ती दोन्हींना मिळून एकच.

या बारमध्ये शनिवारी संध्याकाळी प्रश्न चालायचे. भरमूचा मावसभाऊ बेळगावच्या कँपातल्या एका क्लबात वाढपी होता. तिथले साहेब लोक हातात ग्लास घेऊन एकमेकांना प्रश्न विचारतात, त्याला क्विझ म्हणतात आणि ते सुरू झालं की कुणी लवकर उठत नाही, असं त्यानं सांगितलं. गिऱ्हाईक लवकर उठत नाही एवढंच भरमूनं ऐकलं आणि पुढच्याच शनिवारी क्विझ चालू केलं. पण निपाणीची माणसं ती! दोन शनिवार बरे गेले. तिसऱ्याला कुणीतरी विचारलं, निपाणी कुणाची? मराठी टेबलानं एक उत्तर दिलं, कानडी टेबलानं दुसरं, आणि भरमूचे ग्लास फुटले. त्यानंतर भरमूनं खुर्चीवर चढून कायदा केला. "हितं फकस्त खाण्यापिण्याचं इचारायचं. दुसरं कायबी इचारलंसा तर बाटली मिळणार न्हाय."

हा कायदा मात्र सगळ्यांनी पाळला. सरकारचेही कायदे तिथं इतके कुणी पाळत नसेल. कायद्याला पोटकलम एकच होतं: विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर ठाऊक पाहिजे. बरोबर सांगेल त्याच्यापुढं खाऱ्या शेंगांची बशी यायची.

मारुतीराव या बारमध्ये पहिल्यांदा गेले ते त्र्याऐंशी सालच्या पावसाळ्याअखेर, आणि गेले ते प्यायला नव्हे. ते पीत नसत. उभा जन्म त्यांनी चहा विकण्यात घालवला होता. एका चहा कंपनीचे ते फिरते विक्रेते. नमुन्याची पेटी घेऊन सोमवारी निघायचं, चिकोडी, संकेश्वर, गोकाक, खानापूर असं फिरायचं, दुकानदारांना चहा करून पाजायचा आणि शनिवारी रात्री घरी यायचं. बेळगाव जिल्ह्यातल्या कुठल्याही पेठेत उभे राहिले तरी चार दुकानदार त्यांना हाक मारत. आणि निपाणीत, स्वतःच्या गल्लीत, शेजारचा माणूस त्यांना पाहुणा समजे. आता याला काय म्हणायचं? रविवार तेवढा घरचा, आणि रविवारी माणूस झोपतो, जेवतो, कपडे इस्त्री करतो. ओळखी करायच्या राहूनच गेल्या.

निवृत्त झाल्यावर करू म्हणाले. निवृत्त झाले, आणि त्याच वर्षी त्यांची बायको मनुबाई गेली. थोड्याशा तापाचं निमित्त झालं. मूलबाळ नव्हतं. माणसं चार दिवस आली आणि आपापल्या वाटेनं गेली. मग घर असं शांत झालं की मारुतीरावांना स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू यायला लागला. सकाळी दूधवाला "दूध" म्हणे, तेवढाच दिवसभरात माणसाचा शब्द. कधी कधी ते दुकानात जाऊन नको असलेली काडेपेटी विकत घेत आणि उगाच विचारत, "काय, बरं चाललंय?" दुकानदार "चाललंय" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळे. घरात काडेपेट्यांची रास झाली होती.

तर असेच एका शनिवारी, भात करायचा कंटाळा आला म्हणून ते जेवायला भरमूच्या बारमध्ये शिरले आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. पलीकडच्या टेबलावर दोघं मोठमोठ्यानं बोलत होते. एक परशराम, तंबाखूच्या वखारीतला मुकादम. आवाज असा की वखारीत बोलला तर रस्त्यावरचा बैल थांबावा. आणि हरणं तर त्याला जन्मात सोसायचं नाही. दुसरा भीमसेन, गोकाककडचा, चिकोडीच्या कचेरीत कारकून, रोज बसनं ये-जा करणारा. बोलता बोलता मधेच कानडीत घुसायचा आणि आपलं आपणच परत यायचा.

"हिरवा च्या म्हंत्यात त्यो कसल्या झाडाचा असतोय?" परशरामनं विचारलं.

"बेरे झाड असणार," भीमसेन म्हणाला. "म्हंजे येगळं."

"झाड एकच," कोपऱ्यातून मारुतीराव म्हणाले. "काळा काय नि हिरवा काय, पानं त्याच झाडाची. वाळवायची तऱ्हा निराळी."

दोघांनी वळून बघितलं. परशराम म्हणाला, "बरोबर हाय. हिकडं या की, अण्णा. एकटंच काय बसलायसा?"

आता हे वाक्य साधं होतं. परशराम दिवसातून दहा जणांना असं बोलवत असेल. पण मारुतीराव ताट उचलून त्या टेबलाकडं गेले ते घाईत पाण्याचा पेला कोपऱ्यातच विसरून. कित्येक महिन्यांत त्यांना कुणी जवळ ये म्हटलं नव्हतं.

पुढचा शनिवार यायला त्या वेळी फार दिवस लागले असं त्यांना वाटलं. शनिवारी दुपारीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि संध्याकाळी सोड्याची बाटली पुढं घेऊन बसले. भीमसेननं विचारलं, हिंग कशाचा? यांनी सांगितलं, एका झाडाच्या मुळातला चीक, येतो काबूलकडून. भरमूनं विचारलं, साबुदाणा कशाचा? यांनी सांगितलं, एका कंदाचा. कॉफीचं बी आपल्याकडं कसं आलं? यांनी चिकमंगळूरच्या डोंगरातल्या बाबांची सगळी कथा सांगितली, अरबस्तानातून लपवून आणलेल्या सात बियांसकट. तीस वर्षं किराणा दुकानांच्या फळ्यांवर बसून त्यांनी ऐकलंच काय होतं दुसरं? शेंगांच्या बश्या त्यांच्यापुढं साचल्या. माणसं "वा अण्णा" म्हणाली. मारुतीराव त्या रात्री गाणं गुणगुणत घरी गेले.

इथं त्यांचं चुकलं. विक्रेत्याच्या जातीची चूक ती. गिऱ्हाइकाला माल जास्त दाखवला की गिऱ्हाईक खूश होतं, हे ते जन्मभर शिकले होते. त्यांना वाटलं, मी जितकं सांगेन तितका मी या लोकांना हवासा होईन. म्हणून ते उत्तर देऊन थांबेनात. दुसऱ्याचं उत्तर दुरुस्त करायला लागले, मग विचारणाऱ्याचं उत्तरही दुरुस्त करायला लागले.

एकदा परशरामनं छाती पुढं काढून विचारलं, "मिरची मूळची कुठली?" आणि कुणी तोंड उघडायच्या आत आपणच सांगून टाकलं, "संकेश्वरची!" परशरामची बायको संकेश्वरची होती. टेबलावर हशा झाला, टाळ्या पडल्या. मारुतीरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि शांतपणे सांगितलं की मिरची मूळची समुद्रापलीकडची, पोर्तुगीजांनी ती आणली, त्याआधी इकडं तिखटाला मिरीच होती.

"म्हंजे संकेश्वरची मिरची परदेशी?"

"व्हय. काजूपण."

"काजूचं कोण इचारतंय तुम्हाला?" परशराम म्हणाला, आणि ग्लास अर्धा सोडून घरी गेला.

त्यानंतर हळूहळू टेबल बदललं. मारुतीराव आले की प्रश्न संपायचे. "आज डोकं दुखतंय" म्हणून परशराम लवकर उठायचा. एका शनिवारी पाहिलं तर त्यांच्या नेहमीच्या जागी भीमसेनची पिशवी ठेवलेली. भीमसेननं ती उचलली, नाही असं नाही, पण उचलायला जरा उशीर केला. मग दिवाळीनंतर एकदा मारुतीराव आले तेव्हा टेबल रिकामंच. भरमू म्हणाला, "वर गेल्यात सगळी. माडीवर पत्ते मांडल्यात." पत्त्यांना चार गडी लागतात, ते चार पुरे होते. माडीवरून परशरामचा आवाज आणि हसणं खाली येत होतं. मारुतीराव सोडा संपेपर्यंत बसले आणि घरी गेले.

मी त्यांच्या जागी असतो तर परत पाय ठेवला नसता. पण ज्याला जायला दुसरी जागा असते त्यानं रुसावं. मारुतीराव पुढच्या शनिवारी पुन्हा आले, त्याच्याही पुढच्या शनिवारी आले. कोपऱ्यात बसून एकटे जेवले. माडीवर हसू उसळलं की यांचा घास हातात थांबायचा.

शिमग्याच्या सुमाराला माडीवरच्या खोलीत चुना लावायचं काम निघालं आणि पत्तेवाले नाइलाजानं खाली आले. जो तो आपल्या ग्लासात बघत बसला. भरमूच्या जिवाला ते बघवेना. गल्ल्यावरून तो म्हणाला, "मारुतीअण्णा, आज तुम्हीच एक प्रश्न घाला की."

परशरामनं तोंड फिरवलं. भीमसेन बशीतल्या शेंगा मोजल्यासारखं करू लागला. मारुतीरावांनी केशरावरचा एक प्रश्न आठवडाभर तयार ठेवला होता. पण सण जवळ आला म्हणून भरमूच्या भटारखान्यात त्या दिवशी कटाची आमटी केली होती आणि ती वाटी त्यांच्यापुढं होती. त्यांनी नुकताच एक भुरका घेतला होता. केशर राहिलं बाजूला, आणि तोंडातून भलतंच निघून गेलं.

"माझी बायको कटाच्या आमटीत काय घालत होती?"

"उत्तर?" परशराम तिकडं तोंड ठेवूनच म्हणाला.

"मला म्हाईत न्हाय."

परशराम वळला. "काय म्हणालासा?"

"म्हाईत न्हाय मला."

"तुम्हाला? म्हाईत न्हाय?"

परशरामच्या तोंडावर असा आनंद पसरला की बघणाऱ्याला वाटावं याला लॉटरी लागली. "ए भरम्या, ऐकलंस का? अण्णांस्नी म्हाईत न्हाय!" भरमू म्हणाला, कायद्यात बसत नाही, विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक पाहिजे. "कायदा घाल चुलीत," परशराम म्हणाला आणि आपली खुर्ची घेऊन मारुतीरावांच्या टेबलाला येऊन बसला. "सांगा अण्णा. सगळं सांगा."

मारुतीरावांनी सांगितलं. मनुबाई खानापूरकडची, रानाच्या कडेच्या गावची. सण असो नसो, रविवारी नवरा घरी असला की ती हरभऱ्याची डाळ शिजवून कट काढायची आणि आमटी करायची. पोळ्या नाहीत आणि कट आहे, म्हणून गल्लीतल्या बाया हसायच्या. उरलेल्या डाळीचं ती काहीबाही करायची, पण नवऱ्याला आमटी मिळालीच पाहिजे. "चव कशी हुती?" भीमसेननं विचारलं. आधी गोड लागायची, मारुतीराव म्हणाले, मग आंबट, मग तिखट, आणि सगळ्याच्या शेवटी घशाशी जरासं कडू. पण ते कडू बरं वाटायचं. त्या कडूसाठीच माणूस दुसऱ्यांदा वाटी पुढं करायचा.

"आणि तुम्ही कवा इचारलं न्हाय त्यास्नी?"

"न्हाय. आठवड्यातनं एकदा तर घरी असायचो. जेवायचो, बरी झालीय म्हणायचो. वाटायचं, हाय की ती, इचारू कवातरी." मारुतीरावांनी समोरच्या वाटीकडं बघितलं. "ती गेल्यावर खानापूरला गेलतो. तिच्या भावजयीनं आमटी करून घातली. तसली न्हवती. ती म्हणाली, आम्ही सगळी अशीच करतो, भावजी. म्हंजे ते मनुबाईचं तिचं तिलाच म्हाईत."

 परशरामनं टेबलावर मूठ आपटली. "हे शोधायचं. हुडकून काढल्याबिगर मी पत्त्यांस्नी हात लावणार न्हाय. मुकादम हाय मी, तंबाखूच्या पानाचा वास घेऊन गाव सांगतो. एक आमटी न्हाय सापडायची?"

आणि खरोखरच त्यानं हात लावला नाही. पुढच्या शनिवारी परशरामच्या संकेश्वरकरणीनं केलेली आमटी डब्यातून आली. तिनं सुकं खोबरं निखाऱ्यावर काळंठिक्कर भाजून वाटलं होतं. सगळे मारुतीरावांच्या तोंडाकडं बघत बसले. मारुतीरावांनी भुरका घेतला, डोळे मिटले, घोळवली, गिळली. "न्हाय. झकास झालीय, पण ही न्हाय." त्याच्या पुढच्या शनिवारी भीमसेनच्या बायकोची, गंगव्वाची. तिनं कारळं भाजून घातलं होतं. तीही नाही. भरमूच्या आईनं दगडफूल जास्त घालून बघितलं. कुणी म्हणालं मेथीचे चार दाणे, कुणी म्हणालं हिंग करपवला असेल. अण्णांच्या धंद्यावरून सुचून एका शहाण्यानं चहाचं पाणी सुचवलं. तेही भरमूनं करून बघितलं आणि मोरीत ओतलं.

त्या दिवसांत मारुतीराव माणसांत आले. संध्याकाळी उशीर झाला तर परशराम गडी पाठवायचा, अण्णांना घेऊन ये म्हणून. बाजारात गंगव्वा भेटली की थांबून विचारायची, "अण्णा, चिंच कोळून घालत होत्या की उकळून?" ज्या दुकानात ते काडेपेट्या घेत, तो दुकानदार एकदा म्हणाला, "आमटीवाले अण्णा तुम्हीच व्हय? माझी बायको म्हणत्या, आमसूल घालून बघा." मारुतीराव ते ऐकून दुकानाच्या पायरीवर खुळ्यासारखे उभे राहिले. निपाणीत एवढी वर्षं घर होतं, पण गावात नाव आता पडलं होतं. आणि नवल म्हणजे मनुबाईचंही पडलं. ज्या बाईला गल्लीबाहेर कुणी ओळखत नव्हतं, तिच्याविषयी भरल्या बारमध्ये वाद व्हायचे. "मनुअक्का लसूण घालणाऱ्यातल्या न्हवत्या," असं परशराम छातीठोक सांगायचा. त्यानं जन्मात मनुबाईला बघितलं नव्हतं.

मारुतीराव रोज देवाला हात जोडून म्हणत, ती चव एकदा तोंडाला लागू दे. खरंच म्हणत. आमटी मनासारखी नसली की त्यांना वाईट वाटे, आणि वाईट वाटण्याच्या पाठोपाठ पुढचा शनिवार आठवून बरंही वाटे. या दोन्हींत काही विरोध आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. येण्याचं कारणही पडलं नव्हतं.

उन्हं कडक झाली तशी मात्र बाकीच्यांची हौस ओसरायला लागली. माडीवरचा चुना कधीच वाळला होता. एक-दोघं म्हणाले, परशराम, बास की आता. परशराम म्हणाला, "शब्द दिलाय. उत्तर मिळालं की त्याच संध्याकाळी वर चढू. तवर न्हाय." आणि हसून मारुतीरावांकडं बघत म्हणाला, "लौकर सापडवा बाबा तुमची आमटी, माझे हात शिवशिवाय लागल्यात." सगळे हसले. मारुतीरावही हसले. पण त्या रात्री देवाला हात जोडले, आणि पहिल्यांदाच ते आमटीचं काही बोलले नाहीत.

त्यानंतरच्या शनिवारी परशराम डबा घेऊन आला तो शरमलेला. डबा टेबलाखालीच ठेवला आणि वर काढीना.

"काय रं, आज लपवतोस काय?" भरमूनं विचारलं.

"बायको माहेरी गेल्या. पाळी माझी हुती म्हणून मीच केली. पण फसली बाबा. गूळ लौकर इरघळंना, म्हणून लोखंडी पळीत घालून चुलीवर धरला. तेवढ्यात वखारीतला गडी आला, बोलत बसलो. वास आला म्हणून बघतो तर गूळ काळा कुळकुळीत. दुसरा गूळ घरात न्हाय. दिला तसाच ओतून." त्यानं डबा वर काढला. "हसू नगा. टाकूनच देणार हुतो, पण रिकाम्या हातानं कसं यायचं?"

हसू नका म्हटल्यावर कोण राहतंय! सगळे हसले. भीमसेननं झाकण उघडून वास घेतला आणि कानडीत काहीतरी बोलला, त्यावर कानडी कळणारे आणखी हसले. भरमूनं वाटीत थोडी ओतली. रंग काळपट होता. मारुतीरावांनीही हसतच वाटी उचलली आणि भुरका घेतला.

आधी गोड. मग चिंच. मग तिखट कानाशी गेलं. आणि घास उतरून गेल्यावर, सगळं संपलं असं वाटत असतानाच, घशाशी ते कडू आलं.

मनुबाई आली. दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगू? तिच्या रविवारच्या स्वयंपाकघराची कडी वाजली, पितळीच्या काठावर पळी टेकल्याचा आवाज आला, पाठमोरी तिची अंबाड्याची गाठ दिसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एकदा, आजवर ते विसरूनच गेले होते, त्यांनी विचारलं होतं, "काय करपलं काय गं?" आणि ती आतून म्हणाली होती, "आवडलं का न्हाई तेवढं सांगा." आवडलं होतं. त्यावर ती जन्मभर गूळ करपवत आली होती, दर रविवारी, जाणूनबुजून, त्यांच्यासाठी. घालत काहीच नव्हती ती. गुळापलीकडं काही नव्हतंच.

मारुतीरावांचं काळीज एवढं भरून आलं की ओरडून सांगावंसं वाटलं, हीच! हीच ती! मनुबाई गेल्यापासून एवढा आनंद त्यांना झाला नव्हता. त्यांनी डोळे उघडले.

सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. परशराम, भीमसेन, गल्ल्यावरून वाकलेला भरमू, पलीकडच्या टेबलावरची माणसं. एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडं इतकी माणसं टक लावून बघत होती. आणि परशरामच्या पाठीमागं माडीचा जिना होता.

हो म्हटलं की टाळ्या पडणार होत्या. परशराम पाठीत धपका घालणार होता, भरमू शेंगांची बशी आणणार होता. मग सगळे जिना चढणार होते. करायची रीत आता कळली होती, घरी जाऊन आमटी करता आली असती, रोजसुद्धा. पण ती करून एकट्यानं भिंतीकडं तोंड करून खायची होती. दूधवाला, काडेपेटी आणि चपलांचा आवाज. मारुतीरावांना ते सगळं एका क्षणात दिसलं आणि ते घाबरले. मरणालाही ते इतके घाबरले नसते.

"काय अण्णा?" परशरामनं विचारलं.

"न्हाय," मारुतीराव म्हणाले. "ही न्हाय."

म्हणाले, आणि आतून तुटले. चारचौघांत मनुबाई समोर उभी राहावी आणि आपण म्हणावं, या बाईला मी ओळखत नाही, तसं त्यांना झालं. पण शब्द गेला होता.

"मला वाटलंच," परशराम म्हणाला. "करपलेली आमटी ती, तिची काय कथा." त्यानं डबा उचलला, मोरीपाशी गेला आणि सगळी आमटी ओतून दिली. मारुतीराव हात थोडा वर करून "अरे" म्हणाले. ते कुणाला ऐकू गेलं नाही. नळाच्या पाण्याबरोबर काळपट ओघळ गटाराच्या भोकाशी जरा रेंगाळला आणि गेला.

"पुढच्या शनवारी आमच्या घरची," भीमसेन म्हणाला. "गंगव्वा म्हणत्या, जवस घालून बघू."

"बघू की. सोडत न्हाय आता," परशराम हात पुसत येऊन बसला. "पण अण्णा, पयल्यापासनं एकदा परत सांगा. चव कशी हुती? आमचं कुठंतरी चुकतंय. नीट आठवून सांगा."

सगळे पुढं सरकले. पलीकडच्या टेबलावरचे दोघं उठून उभं राहून ऐकू लागले. मारुतीरावांनी सांगायला सुरुवात केली. आठवावं लागलं नाही. गोड कुठं संपतं आणि आंबट कुठं धरतं ते सांगितलं, तिखट कुठल्या बाजूनं येतं ते सांगितलं. कडूपाशी आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. परशरामनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सापडंल, अण्णा," तो म्हणाला. "आम्ही हाय की."

"पण आज लई बेस सांगितलंसा," थोड्या वेळानं भीमसेन म्हणाला. "आत्ता खाल्ल्यागत."

सगळे हसले. मारुतीरावही हसले. घशाशी ते कडू अजून होतं. भरमूनं त्यांच्यापुढं पाण्याचा पेला आणून ठेवला होता, तो त्यांनी तोंडाला न लावता हळूच बाजूला सारला.